निर्दोष गाडीतला उजवा पाय

वाहन मंडळाचे साहेब, तुमच्यावर माझा सरळ आरोप आहे: एका टीचभर सेन्सरची अब्रू वाचवण्यासाठी तुम्ही माझ्या भाऊजींच्या उजव्या पायाची अब्रू घेतलीत. पाय धडधाकट होता. त्याला कसलंही व्यसन नव्हतं. "वैयक्तिक टीका करू नका," अशी समज मला तुमच्या कार्यालयातून मिळाली आहे. माणसाच्या पायाइतकं वैयक्तिक त्याच्याकडे दुसरं काय असतं? तेव्हा टीका आधी कोणी सुरू केली, ते आता लोकांनीच वाचावं.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ते गाडी चालवायला शिकवतात, म्हणून गावभर त्यांना मास्तर म्हणतात. त्यांची शाळा म्हणजे एक गाडी, एक गाळा, गाळ्यात टेबल, टेबलावर फोन आणि फोनवर ताई. गाडीच्या टपावर 'शिकाऊ' अशी पाटी आणि आत मास्तरांच्या बाजूला जादाचे ब्रेक-क्लच. या शाळेचा परवाना संपत आला होता. नवा परवाना हवा तर गाडी ठीक असल्याचा दाखला हवा. दाखला नाही तर शाळा बंद, आणि शाळा बंद झाली की घरात दुसरी कमाई नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे गमती इतक्या होणार आहेत की एवढी साधी गोष्ट विसरायला होतं.

गाडी गचके खात होती. कधीपासून, ते कोणालाच सांगता येणार नाही. कारण शिकाऊ गाडीने गचके खायचेच असतात असा जगाचा समज आहे, आणि तो सगळ्यात घट्ट खुद्द मास्तरांच्या डोक्यात होता. दुसऱ्या कोणाची गाडी अशी उडाली असती तर त्याने बॉनेट उघडलं असतं. भाऊजी शिकणाऱ्याच्या पायाकडे बघायचे.

"पाय आहे की हातोडा? हळू दाबा ना!"

"हळूच दाबलाय हो मास्तर."

"मग इतका हळू कशाला? पाय आहे की पीस?"

बँकेत कॅशियर असलेल्या एक बाई तर रडकुंडीला आल्या होत्या. परवाना मिळेपर्यंत त्या रोज घरी जाऊन उशीवर पाय दाबायचा सराव करायच्या. हे काय चाललंय म्हणून नवऱ्याने विचारलं, तर म्हणाल्या, "माझ्या पायातच काहीतरी कमी आहे." नवऱ्याने लगेच मान डोलावली. अशा बाबतीत नवरे फार चौकशी करत नाहीत.

मग एका सकाळी शेवटच्या शिकाऊला त्याच्या दारात उतरवून भाऊजी एकटेच परत निघाले. मोठ्या चौकात सिग्नल सुटला, त्यांनी रेस दिली, गाडी अर्ध्या चौकापर्यंत गेली आणि कोणीतरी मागून कॉलर धरल्यासारखी जागच्या जागी थबकली. पुन्हा उडाली, पुन्हा थबकली. मागच्या लॉरीने करकचून ब्रेक मारला. लॉरीवाला खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "ओ मास्तर, शिकायला या की कधीतरी!"

भाऊजी घामाघूम होऊन माझ्याकडे आले. खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले.

"अरे, गाडीत कोणी शिकाऊ नव्हतं."

"बरं, मग?"

"मग गचका कोणी दिला?"

इतक्या वर्षांत गाडीवर संशय घ्यायची ही त्यांची पहिलीच वेळ. त्यांना ते फार जड गेलं. घरातल्याच माणसावर चोरीचा आळ घ्यावा तसं.

दोष काय होता ते सांगायला विद्वान लागत नाही. इंजिनाच्या तोंडाशी हवेसाठी एक झडप असते. आपण रेस दिली की ती उघडते. किती उघडली हे गाडीतल्या कॉम्प्युटरला एक छोटा सेन्सर कळवतो, आणि तेवढं पेट्रोल सुटतं. कॉम्प्युटरला डोळे नाहीत. सेन्सर सांगेल ते खरं. सेन्सरच्या आत एक पातळ पट्टी असते आणि तिच्यावरून एक काटा फिरतो. शिकणाऱ्यांचा पाय वर्षानुवर्षं एकाच जागी, त्याच भित्र्या वेगाला रेंगाळतो. त्यामुळे ती पट्टी नेमकी तिथेच झिजली होती. काटा त्या जागी आला की सेन्सर बेधडक सांगायचा, "इकडे कोणीही काही दाबलेलं नाही." कॉम्प्युटर पेट्रोल तोडायचा. गचका. बाकी काही नाही. भाग तळहातावर मावेल एवढा, दोन स्क्रूंनी बसवलेला.

पण शाळेच्या गाडीचा भाग असा आपल्या मनाने बदलता येत नाही. आधी मंडळाच्या निदान केंद्राने दोष नोंदवावा लागतो. म्हणून आम्ही निदान केंद्रात गेलो.

निदान केंद्र निदान दिसायला तरी सुंदर आहे. चकचकीत फरशी, मधे काचेची भिंत. भिंतीपलीकडे गाड्या रुग्णांसारख्या ओळीने उभ्या आणि अलीकडे त्यांचे मालक, गाड्यांपेक्षा आजारी चेहऱ्याने बसलेले. पांढरा कोट घातलेला एक तरुण अभियंता आला. त्याने गाडीला स्कॅनर जोडला आणि भाऊजींना आत बसवलं.

"द्या रेस."

भाऊजींनी दिली.

"द्या म्हटलं ना."

"दिलीये."

"पडद्यावर शून्य दिसतंय. तुम्ही दाबतच नाही आहात."

"अहो, खाली वाकून बघा की! हा माझा बूट, हे पेडल, आणि पेडल एवढं आत."

अभियंता वाकला. नीट निरखून बघितलं. कोट झटकत उभा राहिला. "दिसतंय मला. पण नोंदलं जात नाहीये."

"मग खरं काय?"

"खरं दोन्ही आहे काका. नोंदीत एकच बसतं."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुमचा स्कॅनर हे शून्य कोणाला विचारून सांगतो?"

"सेन्सरला."

"आणि आमची तक्रार कोणावर आहे?"

"सेन्सरवर."

"म्हणजे ज्याच्यावर आळ, त्यालाच विचारायचं, बाबा रे तू केलंस का? तो नाही म्हणाला की त्याला सोडायचं आणि तक्रार करणाऱ्याला धरायचं?"

"अधिकृत पद्धत तीच आहे," अभियंता म्हणाला. त्याच्या आवाजात उपरोध नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

"अहो, मल्टिमीटर लावा ना तारेला. पाय दाबत जाल तसं व्होल्टेज चढत जाईल आणि त्या एका जागी धपकन पडेल. इथल्या इथे कळेल."

"मल्टिमीटर होता आमच्याकडे. पण त्याचं स्कॅनरशी पटायचं नाही. म्हणून काढून टाकला."

मग त्याने काचेपलीकडे कोणी बघत नाही याची खात्री केली आणि आवाज उतरवला. "सेन्सर गेलाय. मला काय कळत नाही होय? पहिल्या गचक्यालाच कळलं."

"मग लिहा ना तसं!"

"यंत्राने दोष दाखवला नाही आणि मी लिहिला, तर यंत्र खोटं पडतं. यंत्र मंडळाने विकत घेतलंय. मला नुसतं नेमलंय."

छपाईयंत्रातून कागद बाहेर आला. त्यावर ठळक अक्षरांत होतं: वाहन निर्दोष.

भाऊजी भोळे. त्यांचा चेहरा उजळला. "निर्दोष ना? मग द्या दाखला, आम्ही निघतो."

"असं कसं निघता?" अभियंता म्हणाला. "गचके बसतात ही तुमचीच तक्रार. गचके बसले म्हणजे दोष आहे. गाडीत नाही, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी आहे. तो सापडल्याशिवाय प्रकरण बंद होत नाही आणि प्रकरण बंद झाल्याशिवाय दाखला निघत नाही." त्याने टॅबलेट आमच्याकडे वळवला. "रस्ता, इंधन किंवा चालक. यातलं एक निवडा."

"रस्ता," भाऊजी म्हणाले.

"रस्ते मंडळाचेच आहेत."

"मग इंधन."

"त्या खात्याचे साहेब आमच्या साहेबांचे व्याही आहेत."

भाऊजी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे निवड, असं टॅबलेट मानतो. चालकावर खूण झाली. मग चालकाचे अवयव आले, त्यातला पाय निवडला गेला, आणि एका निर्दोष गाडीत एक दोषी पाय सापडल्याचं शासनदरबारी रुजू झालं.

पाय मंडळाच्या डॉक्टरांकडे पाठवण्यात आला. भाऊजीही सोबत गेले. डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय असा उसळला की डॉक्टरांचं चाकाचं स्टूल भिंतीपर्यंत गेलं.

"वा!" डॉक्टर तिथूनच म्हणाले. "या वयात असा पाय मी बघितला नाही."

"मग तसं लिहून द्या."

"तसं कसं लिहू? एका प्रकरणात दोन निर्दोष? गाडी तुमच्या आधी निर्दोष ठरलीये. तुम्ही उशिरा आलात." मग त्यांना दया आली असावी. "मी एवढं करतो, पाय संशयित आहे असं लिहितो आणि प्रत्यक्ष चाचणी सुचवतो. पाय एखाद्या निर्दोष वाहनात बसवून बघू दे. नाही बसला गचका, तर सुटलात."

भाऊजींना हे न्यायाचं वाटलं. मलाही वाटलं, हे लपवत नाही. अडचण एवढीच आली की मंडळाने नुकतंच निर्दोष ठरवलं होतं असं वाहन त्या वेळी सबंध शहरात एकच होतं, आणि ते भाऊजींचं. त्याच गाडीत पायाची चाचणी झाली. गाडीने गचका खाल्ला. गाडी निर्दोष, गचका उघड, तेव्हा पाय दोषी. यात तर्काची चूक काढून दाखवा. मी डोकं फोडून घेतलं, मला सापडली नाही.

हुकूम शाळेच्या गाळ्यात आला: उजवा पाय वाहन चालवण्यास अयोग्य, शाळा स्थगित, डावा पाय पूर्ववत वापरण्यास हरकत नाही. ताईने तो मोठ्याने वाचला. भाऊजी कोचावर पाय पसरून बसले होते.

"अहो, तो उजवा जवळ घ्या जरा," ताई म्हणाली. "सरकारी ताब्यातली वस्तू अशी वाटेत ठेवू नये."

आम्ही तिघंही हसलो. मग हसणं संपलं, आणि शेजारच्या टेबलावरचा शाळेचा फोन किती गप्प आहे ते ऐकू यायला लागलं. ताईने रिसीव्हर उचलून कानाला लावला, चालू आहे की बंद पडला ते बघायला. चालू होता. तिने तो हळूच खाली ठेवला.

आम्ही हुकुमाविरुद्ध सुनावणी मागितली. तिच्या आदल्या दिवशी ही बातमी ऐकून कॅशियर बाई धावत आल्या. दारातूनच विचारलं, "मास्तर, म्हणजे तो माझा पाय नव्हता?"

भाऊजींनी मान खाली घातली. "नव्हता. सेन्सर होता."

बाईंचे डोळे भरले. सगळा जन्म आपल्यात काहीतरी कमी आहे असं ऐकत आलेल्या माणसाला अचानक कोणी सांगावं की नाही, तू बरोबर होतीस, तसं झालं ते. पण आनंद ओसरायच्या आत त्या कडाडल्या, "आणि तुम्ही मला हातोडा म्हणालात!"

"पीससुद्धा म्हणालो."

"हो! पीससुद्धा!" त्यांनी डोळे पुसले. "उद्याच्या सुनावणीला मी येते. मी दाबत होते, हे मी सांगणार. माझा पाय आहे, मला माहीत नसेल तर कोणाला असेल?"

सुनावणी तुमच्यासमोर झाली, साहेब. आठवत नसेल तर आठवण देतो. बाईंनी स्पष्ट सांगितलं की पाय दाबलेला असताना गाडी थबकायची. तुम्ही अगदी आदराने विचारलंत, "ताई, गाडी चालवायला आपण कोणाकडे शिकलात?"

"मास्तरांकडे."

"म्हणजे आपला पाय या दोषी पायाचा विद्यार्थी. आपली साक्ष घेता येत नाही. उलट आपल्याच पायाची तपासणी करावी लागेल. मास्तरांकडे आजवर जे जे शिकले, त्या सगळ्यांच्याच पायाची."

शेजारचा कारकून वाकून तुमच्या कानात काही कुजबुजला. तुम्हीसुद्धा मास्तरांकडेच शिकला होतात. तुम्ही खाकरून म्हणालात, "मला ड्रायव्हर आहे. माझा पाय सेवेत नाही, मानद आहे."

तेव्हा मी उठलो. नवा सेन्सर माझ्या खिशात होता. म्हटलं, "साहेब, दोन स्क्रू आहेत. गाडी खाली अंगणात उभी आहे. तुमच्यादेखत बदलतो. गचके थांबले तर?"

"तर काय?"

"तर सिद्ध होईल!"

"काय सिद्ध होईल?" तुम्ही शांतपणे विचारलंत. "निर्दोष वाहनात फेरफार केला की गचके थांबतात, हे? मग उद्या ज्याला त्याला काहीतरी सिद्ध करायचं असेल. यंत्रणा चालवायची कशी?"

आणि तुम्ही निर्णय दिलात. असा वादाचा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून भाऊजींची गाडी 'प्रमाण वाहन' जाहीर झाली. बॉनेटला सील ठोकलं. मास्तरांच्या विद्यार्थ्यांचेच पाय तपासणं म्हणजे पक्षपात झाला असता, म्हणून ज्याच्याकडे परवाना आहे अशा प्रत्येकाने त्या गाडीत बसून आपला पाय तपासून घ्यावा असं ठरलं.

सगळं शहर रांगेत उभं राहिलं. डॉक्टर, वकील, टॅक्सीवाले, तीन-तीन गाड्या बाळगणारे आणि उसनी गाडी घेऊन मिरवणारे. जो बसला त्याला गचका बसला. आतून उतरताना प्रत्येकाचा चेहरा तोच: मी तर दाबला होता. तोंडाने कोणी बोललं नाही. पुढच्याने मागच्याला सांगितलं, "माझं जरा बुटामुळे झालं." मग पातळ तळव्याचे बूट निघाले. एका सभागृहात 'पायाशी संवाद' अशी व्याख्यानं सुरू झाली; वक्ते दोन्ही पाय वर घेऊन बसायचे. वर्तमानपत्रात एका तज्ज्ञाचं सदर आलं: आजचा पाय असा का वागतो? त्यात दोष संगोपनाला दिला होता.

मंडळ काही निर्दय नाही. त्याने सवलत जाहीर केली. नापास झालेल्याने 'मी पाय दाबला नव्हता' एवढ्या एका ओळीखाली सही करावी आणि पायसुधार वर्गाला जावं. परवाना जागेवर परत. लोकांना इतका आनंद झाला की सहीसाठी रेटारेटी झाली. केवढे समजूतदार साहेब, असं लोक एकमेकांना सांगत होते.

सवलतीचं पत्र भाऊजींनाही आलं. सही करा, चाचणीची वेळ सोडून गाडी सीलसकट परत, शाळा परत, शिवाय पायसुधार वर्गाची मान्यता. त्या संध्याकाळी ताई त्यांच्यासमोर येऊन बसली.

"तुम्ही दाबला होता ना?"

"दाबला होता."

"मग?"

"मग काय मग? शाळा चालवायचीये ना?"

"मी सही करू नका म्हटलं का? नुसतं विचारलं."

"विचारू नकोस."

त्यांनी सही केली. पेन टोपण लावून खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, टोपण उघडून बघितलं, पुन्हा ठेवलं. त्यांचं घर मी चालवत नाही, मग त्यांचा पाय कोणत्या तोंडाने मागू?

आता शाळा जोरात आहे. ताईचा कान फोन धरून लाल होतो. पट्टी नेमकी कुठे झिजली आहे ते शहरात भाऊजींइतकं कोणाला ठाऊक नाही, म्हणून पायसुधारासाठी सगळे त्यांच्याकडेच येतात. ते शिकवतात, "इथवर दाबा. आता उचला. हां, आणि थेट पुढे टाका. जिन्याची मोडकी पायरी ओलांडतो ना, तसं." दहा वेळा घोटून घेतात. प्रमाण वाहनात मग गचका बसत नाही आणि माणूस उत्तीर्ण होतो.

उत्तीर्ण झालेला माणूस घरी जाऊन स्वतःची चांगली गाडी काढतो, आणि तिच्यातही तिथेच पाय उचलतो. चांगल्या गाडीत असा पाय उचलला की गचका बसतो. आता चौकात सिग्नल सुटला की सगळ्या गाड्या एकाच जागी, एकाच वेळी गचकतात. मंडळाच्या वार्षिक अहवालात याची नोंद आहे: शहरातील चालकांमध्ये समाधानकारक एकसमानता.

कॅशियर बाईंनी सही केली नाही. त्यांचा परवाना गेला. त्या बँकेत चालत जातात. मी त्यांना गाठून म्हटलं, "बाई, नुसती सही तर होती."

"नुसती होती तर त्यांनी मागितली कशाला?"

"पण गाडी गेली ना तुमची."

"गेली. पण पाय माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या आणि रस्ता ओलांडायला लागल्या.

सिग्नल त्यांचाच होता. तरी गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. एका गाडीने काच खाली करून त्यांना ऐकवलं, "ओ बाई, चालता येत नाही का नीट?" त्या थांबल्या नाहीत. त्या पलीकडे पोचल्या, सिग्नल सुटला, आणि तुम्ही सगळे एकदम गचकलात.

हो, तुम्ही. साहेबांकडून उत्तराची अपेक्षा मी कधीच सोडली. मी विचारतोय तुम्हाला, इथवर साहेबांना हसत आलेल्यांना. त्या रांगेत तुम्ही होतात. त्या ओळीखाली तुमची सही आहे, आणि सही करून आल्यावर घरात पेढे वाटल्यासारखं तोंड करून तुम्ही सांगितलंत की काम झालं. तेव्हा मला सांगा, पाय दाबला होता की नव्हता? उत्तर द्या. लेखी नको, लेखी तुम्ही दिलेलं आहे. मला तोंडी हवंय.